शिक्षकांना वर्षाअखेरची भेट: आधी पत्र, मग वस्तू

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले, निकालपत्रकं भरून झाली, भिंतीवरचे तक्ते उतरवून गुंडाळून ठेवले की वर्ग एकदम रिकामा होतो. मुलं पुढच्या इयत्तेत जातात. ज्या मुलाला वर्षभर जोडाक्षरं शिकवली, तो पुढे जाडजूड कादंबऱ्या वाचायला लागला का, हे शिकवणाऱ्याला बहुधा कळतच नाही. सुताराला खुर्ची दिसते, डॉक्टरला बरा झालेला पेशंट दिसतो. शिक्षकाचं काम मात्र पूर्ण व्हायच्या आतच त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातं.

मी सतरा वर्षं शिकवलं आणि माझ्या दोन मुलांच्या वर्गांसाठी पालक म्हणून बऱ्याचदा भेटी गोळाही केल्या. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: वर्षाअखेरच्या भेटीचं खरं काम म्हणजे शिक्षकाला त्याच्या कामाचा परिणाम दाखवणं. ते काम चिठ्ठी करते. वस्तू तिच्या सोबतीला असते आणि नसली तरी चालते. म्हणून हा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

चार आठवडे आधी: तीन गोष्टी ठरवा

शेवटच्या आठवड्यात परीक्षा, निकाल, स्नेहसंमेलनाची आवराआवर, सगळं एकदम येतं. घाईत घेतलेली भेट घाईतली दिसते. त्यामुळे शाळेच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजून साधारण चार आठवडे आधी सुरुवात करा.

पहिली गोष्ट, शाळेचा नियम. अनेक शाळांमध्ये भेटवस्तू घ्यायला बंदी असते. काही ठिकाणी एका पालकाच्या भेटीला एक मर्यादा आणि सबंध वर्गाने मिळून दिलेल्या भेटीला वेगळी मर्यादा असते. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना तर सरकारी नोकरांचे नियम लागू असू शकतात. रोख रक्कम जवळजवळ कुठेच चालत नाही आणि गिफ्ट कार्डही पुष्कळ नियमांमध्ये रोखीसारखंच धरलं जातं. हे शिक्षकांना विचारू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. शाळेच्या ऑफिसात विचारा किंवा डायरीतली नियमावली बघा. नियम "काहीही नको" असा असेल तर वाईट वाटून घेऊ नका. पत्राला कुठलीच शाळा नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, दिवस. गुण पक्के होऊन निकाल जाहीर झाल्यावरच भेट द्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दिलेली भेट कितीही मनापासून असली तरी घेणाऱ्याला तिचा काच होतो, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या मनातही शंका येते. निकालाच्या दिवशी किंवा त्यानंतर दिलेल्या भेटीत कसलीच अपेक्षा उरलेली नसते.

तिसरी गोष्ट, यादी. वर्गशिक्षक आणि मोठ्या विषयांचे शिक्षक सगळ्यांनाच आठवतात. विसरले जातात ते वेगळेच: ग्रंथपाल, खेळाचे सर, चित्रकलेच्या बाई, विशेष शिक्षक, प्रयोगशाळेतले मदतनीस, बसमधल्या ताई, दारावरचे काका, लहान मुलांचे डबे उघडून देणाऱ्या मावशी. मुलाला विचारा, "शाळेत तुला बरं नसलं तर तू कोणाकडे जातोस?" माझ्या धाकट्या मुलीने या प्रश्नावर क्षणाचाही विचार न करता ग्रंथालयातल्या बाईंचं नाव सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत वर्षभर ती तिथेच बसत होती, हे मला त्या दिवशी कळलं. यादी लांब झाली म्हणून घाबरू नका. सगळ्यांना वस्तू द्यायची नाही. एक-दोघांना वस्तू आणि पत्र, बाकीच्यांना चार ओळी.

पत्र: यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

"तुम्ही खूप छान शिकवता. तुम्ही माझ्या आवडत्या बाई आहात. थँक्यू." असं पत्र वाईट नाही, पण ते कोणत्याही मुलाने कोणत्याही बाईंना लिहिलेलं असू शकतं. आता हे बघा:

"बाई, मला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. तुम्ही एक कागदाची पट्टी माझ्या हातात दिलीत आणि तीनदा घडी घालायला सांगितलीत. उघडली तर आठ भाग झाले होते. मग अर्धा म्हणजे आठातले चार, हे मला दिसलं. आता मी घरी लहान भावाला तसंच शिकवतो."

हे पत्र वाचून त्या बाईंना तीन गोष्टी कळतात: त्यांची कोणती युक्ती चालली, कोणाला चालली, आणि ती पुढे कुठे पोचली. पुढच्या वर्षी त्या पट्टी पुन्हा काढतील. शिक्षकाला याहून उपयोगाची भेट मला तरी माहीत नाही.

अशी पत्रं मुलाला "जा, पत्र लिही" म्हणून होत नाहीत. कोरा कागद पुढे आला की मोठी माणसंही "आपले आभार मानावे तितके थोडे" याच्यावर घसरतात. आधी बोला. संध्याकाळी जेवताना किंवा चालता चालता, हातात वही-पेन न घेता, एकेक प्रश्न विचारा:

"या वर्षी असं काय यायला लागलं, जे आधी अजिबात येत नव्हतं?"

"बाई वर्गात सारखं कोणतं वाक्य म्हणतात?" या प्रश्नावर बहुतेक मुलं लगेच बाईंच्या आवाजात बोलून दाखवतात. ते वाक्य पत्रात जसंच्या तसं यायला हवं.

"कधी चूक झाली तेव्हा सर काय म्हणाले?"

"कोणत्या तासाला वेळ कसा गेला ते कळलं नाही?"

उत्तरात एखादा प्रसंग निघाला की थांबा. एक प्रसंग पुरे. मग त्याच्याभोवती चार वाक्यं बसवायची: आधी काय होतं, तुम्ही काय केलंत, त्याने काय झालं, आणि आता मी काय करतो. शेवटी आभाराचा एक साधा शब्द. पत्र अर्ध्या पानाचं झालं तरी भरपूर.

वयाप्रमाणे पद्धत बदलते. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने सांगावं, तुम्ही लिहावं, आणि शब्द त्याचेच ठेवावेत. "बाई ओरडतात पण मग लगेच विसरतात" असं एक सहा वर्षांचा मुलगा म्हणाला आणि त्याच्या आईने ते तसंच लिहून पाठवलं. ते वाक्य मी आजही जपून ठेवलं आहे. तुम्ही ते सुधारून "बाई शिस्तप्रिय आणि प्रेमळ आहेत" असं केलंत तर त्यातला मुलगा निघून जातो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुसायला लावू नका. ज्यांनी ती अक्षरं घोटून घेतली, त्यांना त्या चुकांसकट अक्षर बघायला आवडतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आईवडिलांसमोर असं काही लिहायचा संकोच वाटतो. त्यांना प्रसंग आठवायला मदत करा, पत्र वाचायला मागू नका, पाकीट चिकटवून देऊ द्या.

आता एक गोष्ट जी जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. पत्राखाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि वर्ष लिहा. माझ्याकडे एक सुंदर पत्र आहे, खाली नुसतं पहिलं नाव. त्या नावाच्या तीन मुली मी वेगवेगळ्या वर्षी शिकवल्या आणि पत्र कोणाचं हे आता मला सांगता येत नाही.

कागदाबद्दलही थोडं सांगते, कारण ही पत्रं खरंच वर्षानुवर्षं ठेवली जातात. छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम. तो चालतो, पण १२० जीएसएमच्या आसपासचा कागद घेतला तर घडीवर लवकर फाटत नाही आणि मागची शाई पुढे दिसत नाही. जेल पेनची शाई ओल्या हाताने पसरते, लहान मुलांना बॉलपेन द्या. सजावटीला सेलोटेप वापरू नका. काही वर्षांत ती पिवळी पडून सुटते आणि खाली डाग ठेवून जाते. लॅमिनेशनचाही मोह टाळा. एकदा गरम प्लॅस्टिकमध्ये बंद झालेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. जपायचंच असेल तर पारदर्शक खिसा असलेली फाइल चांगली.

पालकांचं पत्र आणि त्याची दुसरी प्रत

मुलाच्या पत्राला पालकांच्या दोन ओळींची जोड द्या. पण त्यात मुलाने लिहिलं तेच पुन्हा लिहू नका. शिक्षकाला वर्गात न दिसणारी गोष्ट लिहा, म्हणजे घरात काय बदललं ते. "शाळेतून आल्यावर ती आता स्वतःहून दप्तर उघडते." "गणिताच्या तासाच्या दिवशी सकाळी पोटात दुखणं बंद झालं." अशी एक ओळ शिक्षकाला सांगते की शाळेच्या भिंतीपलीकडेही काहीतरी पोचलं.

आणि तेच पत्र थोडं औपचारिक करून मुख्याध्यापकांना पाठवा. पालकांकडून मुख्याध्यापकांकडे जाणारी बहुतेक पत्रं तक्रारीची असतात. एखाद्या शिक्षकाने काय चांगलं केलं, हे प्रसंगासकट लिहून आलेलं पत्र वरिष्ठांच्या लक्षात राहतं, बऱ्याच शाळांत ते शिक्षकाच्या फाइलला लागतं, आणि बढतीच्या किंवा बदलीच्या वेळी कामाला येऊ शकतं. नव्याने नोकरीला लागलेल्या, अजून कायम न झालेल्या शिक्षकांसाठी तर हे फार मोलाचं आहे. ही भेट कुठल्याच नियमात अडकत नाही आणि तिला काही खर्चही नाही. पत्रात शिक्षकाचं नाव बरोबर लिहिलंय का, हे दोनदा तपासा. प्रत शिक्षकालाही द्या, नाहीतर असं पत्र गेलं हे त्यांना कळायचंही नाही.

वस्तू निवडायची असेल तर

आधी एक साधा हिशोब करा. वर्गात चाळीस मुलं धरा. त्यातल्या निम्म्यांनी मग दिला तरी एका वर्षात वीस मग होतात. पाच वर्गांना एकच विषय शिकवणाऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी दोनशे होतात. "जगातल्या सर्वोत्तम शिक्षिका" असं छापलेली पहिली वस्तू आनंदाने ठेवली जाते, पंधरावी कुठे ठेवावी हा प्रश्न पडतो. देणाऱ्याचं मन त्यात कमी नसतं, पण घर तेवढंच असतं.

म्हणून वस्तू निवडताना मी दोनच प्रश्न विचारते: ही वापरून संपेल का? आणि संपणारी नसेल, तर या माणसाला ती खरंच लागते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलाकडे असतं, फक्त नीट विचारावं लागतं. "बाईंना काय आवडतं?" असं विचारलं तर "माहीत नाही" हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: बाईंच्या टेबलावर काय काय असतं? पाणी कशातून पितात? वह्या कोणत्या पेनाने तपासतात? मधल्या सुट्टीत काय करतात? वर्गात काय सारखं हरवतं? माझ्या मुलाने शेवटच्या प्रश्नाला उत्तर दिलं, "सरांचा खडू. छोटा झाला की त्यांच्या बोटातून निसटतो." खडूची धूळ आणि कोरडी पडलेली बोटं हे फळ्यावर शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेलं दुखणं आहे. आम्ही त्यांना धातूचा खडूधारक दिला, त्यात खडूचा अगदी शेवटचा तुकडाही धरता येतो. पुढच्या वर्षी मुलाने सांगितलं की सरांच्या खिशाला तो रोज लावलेला असतो.

अशाच कामाच्या वस्तू: हातात नीट बसणारं, रिफिल बदलता येणारं पेन आणि सोबत त्या रंगाच्या रिफिली, पांढऱ्या फळ्यावर लिहिणाऱ्यांसाठी चांगले मार्कर (ते आडवे ठेवले तर जास्त टिकतात, हेही सोबतच्या चिठ्ठीत लिहा), मोठ्या, टिकाऊ कापडी पिशव्या, कारण वह्यांचे गठ्ठे घरी न्यावे लागतात, पुढच्या वर्षाची नियोजन वही. आवाजाचे त्रास इतर नोकऱ्यांपेक्षा शिक्षकांमध्ये जास्त आढळतात, दिवसभर मोठ्याने बोलायचं असतं. त्यामुळे पाण्याची चांगली बाटली उपयोगी पडते. पण आधी मुलाला विचारा, ती बाईंकडे आहेच का.

पुस्तक द्यायचं तर दोन वाटा आहेत. शिक्षकाची आवड पक्की माहीत असेल तरच त्यांच्यासाठी पुस्तक घ्या. नाहीतर मुलाला आवडलेलं एक पुस्तक वर्गाच्या वाचनपेटीसाठी द्या आणि आतल्या पानावर मुलाच्या हाताने लिहा: "हे मला का आवडलं." पुढच्या वर्षीचं कोणीतरी मूल ते पान वाचून पुस्तक उघडेल. ही माझी सगळ्यात आवडती भेट आहे. शाळेचे नियम कडक असले तरी वर्गासाठी दिलेलं पुस्तक बहुतेक ठिकाणी चालतं.

गिफ्ट कार्ड चालत असेल तर तेही सोयीचं आहे, कारण शिक्षक हवं ते घेऊ शकतात. देण्याआधी मुदत कधी संपते, ते चालू केलेलं आहे का आणि शिक्षकाला जाता येईल अशा ठिकाणी वापरता येतं का, एवढं बघा. खाण्याचे पदार्थ द्यायचे तर बंद पाकिटातले, घटकांची यादी छापलेले आणि बरेच दिवस टिकणारे. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोण काय खात नाही, हे आपल्याला माहीत नसतं.

काही गोष्टी मी टाळते. अत्तरं, सुगंधी मेणबत्त्या आणि क्रीम यांनी काहींना डोकेदुखी किंवा दम्याचा त्रास होतो. कपड्यांचं माप आणि आवड चुकते. दागिने फार जवळच्या नात्यातले वाटतात. धार्मिक वस्तू घेणाऱ्याची श्रद्धा माहीत असल्याशिवाय देऊ नयेत. मोठी शोभेची वस्तू बसमधून घरी न्यायची म्हणजे त्या दिवशी शिक्षकाच्या डोक्याला एक ओझंच.

रोप द्यायचं असेल तर आजच सुरू करा

मुलाच्या हातून काही घडावं असं वाटत असेल तर मनी प्लांटची कलम करून द्या. चार आठवडे आधी सुरुवात करा असं म्हटलं, त्याचं हेही एक कारण.

निरोगी वेलीवरून तीन-चार पानांची फांदी कापा. देठावर जिथून पान फुटतं, तिथे थोडा फुगवटा असतो, त्याला पेर म्हणतात. काही वेळा तिथे तपकिरी रंगाचा छोटा कोंबही दिसतो. मुळं फुटतात ती तिथूनच. म्हणून कापताना पेराच्या थोडं खाली कापा आणि निदान एक पेर पाण्यात राहील असं बघा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजतात. काचेच्या बरणीत ठेवा, उजेड भरपूर पण थेट ऊन नको. पाणी चार-पाच दिवसांनी बदला. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसायला लागतात. मुलाला दर रविवारी मूळ मोजून लिहायला सांगा आणि तो कागद रोपासोबतच द्या. "पहिला आठवडा: काही नाही. दुसरा आठवडा: एक टिंब. तिसरा आठवडा: दोन सेंटिमीटर." वर्षभर निरीक्षण शिकवणाऱ्या शिक्षकाला हा कागद रोपाइतकाच आवडेल. एक कलम न रुजण्याची शक्यता धरून तीन लावा.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. मनी प्लांटमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. कुत्र्या-मांजराने पानं चघळली तर तोंडाची आग होते, त्यामुळे घरी प्राणी असतील तर हे रोप देऊ नका. आणि रोप शाळेत ठेवायला देऊ नका, सुट्टीत त्याला पाणी घालायला कोणी नसतं.

वर्गाने मिळून देताना

मिळून दिलेली भेट सगळ्यांना सोयीची असते, पण तिच्यातच सगळ्यात जास्त मनं दुखावतात. एका वर्षी आमच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर कोणी किती दिले याची यादी टाकली गेली. ज्यांच्या नावापुढे रिकामी जागा होती, त्यातल्या एका आईने त्या दिवसानंतर ग्रुपवर एक शब्दही लिहिला नाही. भेटकार्डावर तिच्या मुलीचं नाव नव्हतं. शेवटच्या दिवशी मुलीने ते कार्ड शोधून शोधून पाहिलं. ती बाईंची अतिशय लाडकी होती. त्यानंतर मी या कामाचे काही नियम करून घेतले आणि ते मोडू देत नाही.

पैसे देणं ऐच्छिक, रक्कमही ऐच्छिक. "प्रत्येकी इतके" असा आकडा सांगायचा नाही. जमा करणारे दोघं असावेत, म्हणजे हिशोब दोघांना माहीत राहतो. कोणी किती दिलं हे त्या दोघांपलीकडे कोणालाही कळता कामा नये. एकूण रक्कम आणि बिल मात्र सगळ्यांना दाखवायचं. कोणती वस्तू घ्यायची, हे पैसे जमा करण्याची मुदत संपल्यावर ठरवायचं, आधी नाही. आधी महाग वस्तू ठरवली की कमी पडलेल्या रकमेसाठी आठवणी सुरू होतात आणि आठवण म्हणजे दडपणच. चाळीसातल्या पंचवीस घरांकडूनच येईल असं धरून चाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कार्डावर हजेरीपटातलं प्रत्येक नाव, पैसे दिलेले असोत वा नसोत.

संदेश कसा लिहावा, याचाही एक नमुना देते: "बाईंसाठी वर्गातर्फे एक भेट घेत आहोत. ज्यांना जमेल त्यांनी जमेल तेवढं शुक्रवारपर्यंत द्यावं. काही न देताही प्रत्येक मुलाचं पान वहीत असणार आहे, ते मात्र आठवणीने पाठवा. परत आठवण करणार नाही."

त्यातली वही हीच माझ्या मते वर्गाची सर्वोत्तम भेट. प्रत्येक मुलाचं एक पान, ए-५ आकाराचं, म्हणजे नेहमीच्या ए-४ कागदाचं अर्धं. सगळ्यांना एकसारखे कागद कापून शाळेत द्या, नाहीतर वेगवेगळ्या मापांची पानं येतात आणि बांधणी बिघडते. डावीकडे दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडायला सांगा, तिथे छिद्रं पडतात. पानाच्या वर अर्धं वाक्य छापा: "बाईंमुळे मला ... यायला लागलं." किंवा "सर नेहमी म्हणतात, ..." पूर्ण कोरं पान दिलं की वीस पानांवर फुलं आणि "आय लव्ह यू टीचर" येतं. अर्धं वाक्य दिलं की प्रत्येक पान वेगळं होतं.

चाळीस सुटी पानं पिन मारून नीट राहत नाहीत. स्पायरल बांधणी करा किंवा दोन छिद्रं पाडून जाड पुठ्ठ्यांमध्ये फितीने बांधा. फीत असली की उशिरा आलेलं पान घालता येतं. उशिरा येणारं पान नेहमीच असतं. मुदतीनंतर हजेरीपट घेऊन एकेक नाव ताडून बघा. आजारी मूल, मध्येच शाळा बदलून आलेलं मूल, ग्रुपवर नसलेले पालक, यांची पानं राहून जातात. पाच कोरे कागद शेवटच्या आठवड्यात वर्गात पाठवून तिथेच लिहून घेतलेले बरे. मुलांचे फोटो लावणार असाल तर घरच्यांना आधी विचारा.

देताना

वस्तूला मुलाचं नाव आतूनच लावा. पिशवीवरची चिठ्ठी निघून जाते आणि घरी गेल्यावर कोणती वस्तू कोणाची हे कळत नाही. भेट मुलानेच द्यावी, तीही सगळ्या वर्गासमोर नको. ज्याने काही आणलेलं नाही, तोही तिथेच बसलेला असतो. शाळा सुटल्यावर किंवा शिक्षकांच्या खोलीपाशी, अर्ध्या मिनिटात. लगेच उघडून बघा असा आग्रह करू नका. बुजऱ्या मुलाकडून एक वाक्य घरी म्हणून घ्या: "सर, हे तुमच्यासाठी. आत पत्र आहे." एवढं पुरतं. शिक्षकांनी वस्तू घ्यायला नकार दिला तर वस्तू हसून परत घ्या आणि पत्र त्यांच्या हातात राहू द्या.

वर्ष अवघड गेलं असेल तर

काही वर्षं अशीही जातात. शिक्षकांशी जमलं नाही, मूल रडत घरी आलं, तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं आणि ते कडू झालं. अशा वेळी मुलाला खोटं पत्र लिहायला लावू नका. एक खरी गोष्ट सापडते का, ते बघा: वक्तशीरपणा, फळ्यावरचं सुंदर अक्षर, एखाद्या दिवशी दाखवलेली माया. सापडली तर दोन ओळी लिहा. नाही सापडली तर "नमस्कार करून ये" एवढं पुरे. तक्रार उरली असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रात मुख्याध्यापकांकडे न्यावी. आभारपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात ती घुसवू नये.

उद्याच शेवटचा दिवस असेल तर

चार आठवडे गेले आणि हे तुम्ही आदल्या रात्री वाचत असाल, तर वस्तूचा विचार सोडून द्या. मुलाला शेजारी बसवा, "काय यायला लागलं?" हा एकच प्रश्न विचारा, पाच मिनिटं बोलू द्या. चांगला कागद, बॉलपेन, चार वाक्यं, पूर्ण नाव, तुकडी, वर्ष. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात.

आणि उद्याचाही दिवस हुकला, किंवा दहा वर्षांपूर्वीचा हुकलेला दिवस आज आठवला, तरी पत्र जातं. शाळेच्या पत्त्यावर, शिक्षकांचं नाव घालून, पाकिटावर "कृपया पोचवावे" असं लिहून पाठवा. बदली झालेल्या किंवा निवृत्त झालेल्या शिक्षकांपर्यंतही पुष्कळदा जुने सहकारी पत्र पोचवतात. निमित्त हवंच असेल तर युनेस्कोने १९९४ पासून पाळायला सुरुवात केलेला जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला असतो. मला असं उशिराचं पत्र एकदा आलं. पाठवणारी मुलगी तेव्हा नोकरीला लागली होती. पाकिटात कागदाची एक पट्टी होती, तीनदा घडी घातलेली, आणि एकेका भागात तिने एकेक शब्द लिहिला होता. उघडल्यावर आठ शब्दांचं वाक्य झालं: "बाई, माझ्या मुलीला आज मी अपूर्णांक असेच शिकवले."